दोन जाहीरनामे सारखेच दिसतात तेव्हा मी कुठे बघते

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, काही चुकलं तर सांगा. तुम्ही नोकरीला पुण्यात, मतदारयादीत नाव अजून लातूर जिल्ह्यातल्या गावी, घरी ७ एकर सोयाबीन. २०२४ च्या विधानसभेला दोन्ही आघाड्यांचे जाहीरनामे घेऊन तुम्ही ६२ ओळींचा तक्ता केलात. रात्री दोन वाजता लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक ओळीत दोन्ही रकान्यांत 'हो' आहे. वडील म्हणाले, "सोयाबीनला भाव कोण देतंय तेवढं बघ." तुम्हाला नोकरभरती आणि परीक्षांचं वेळापत्रक महत्त्वाचं वाटत होतं. शेवटी वडिलांच्या सांगण्यावर बटण दाबून आलात, आणि ते अजून टोचतंय. आता विचारताय की कुठल्या मुद्द्याला किती गुण द्यावेत, म्हणजे पुढच्या वेळी तक्ताच निकाल देईल.

गुणांचा आकडा मी देणार नाही. तो तुमच्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि परक्या माणसानं तो सांगूही नये. पण तक्ता का फसला, ते मला सांगता येईल. मी वित्त व लेखा सेवेत ३१ वर्षं काढली. आधी कोषागार, मग जिल्हा परिषदेचा वित्त विभाग, शेवटची काही वर्षं मंत्रालय. घोषणा झाली की ती कुठल्या लेखाशीर्षात, म्हणजे हिशेबातल्या खर्चाच्या कुठल्या कप्प्यात बसते आणि पैसे खरोखर सुटतात का, हे बघण्यात नोकरी गेली. निवृत्तीनंतर दर निवडणुकीला आमच्या तालुक्याच्या वाचनालयात आठ-दहा जण जाहीरनामे घेऊन बसतात, त्यात मी असते. कोणाला मत देणार हे तिथं बोलायचं नाही, एवढा एकच नियम आहे. तो चहा येईपर्यंत टिकतो.

जाहीरनामा लिहिणारा कोणालाच 'नाही' म्हणत नसतो. शेतकऱ्याला हो, नोकरदाराला हो, उद्योजकाला हो, आणि करही वाढणार नाहीत. तुम्ही असे दोन 'हो' शेजारी शेजारी ठेवलेत, ते सारखेच दिसणार. पक्षापक्षांतला फरक उघडा पडतो तो पैसे कमी पडल्यावर. कोणाचं बिल आधी निघतं आणि कोणाचं 'निधी उपलब्ध नाही' असा शेरा घेऊन परत येतं, तिथं पक्षाचं खरं धोरण असतं. हा क्रम जाहीरनाम्यात छापलेला नसतो, तो शोधून काढावा लागतो.

त्याआधी एक काम. जाहीरनामा उघडण्यापूर्वी आपले मुद्दे लिहून काढायचे, तीनच. आधी जाहीरनामा वाचला की मुद्देही त्यांचेच डोक्यात बसतात आणि आपण त्यांच्याच पेपरातले प्रश्न सोडवत बसतो. आमच्याकडे मी प्रत्येकाला कोरा कागद देते आणि विचारते, गेल्या वर्षभरात सरकार तुमच्या घरात कुठे कुठे आलं किंवा यायला हवं होतं आणि आलं नाही? एका बाईंनी लिहिलं होतं: रेशनचं मशीन, मुलीची शिष्यवृत्ती, सकाळची एसटी. कुठल्याही पक्षाच्या पहिल्या पानावर यातलं काहीच नव्हतं, पण वाचलेल्या तिन्ही पक्षांच्या आतल्या पानांवर थोडंथोडं सापडलं, आणि फरकही सापडला. तुमच्या ६२ ओळींतल्या ५० तरी अशा असतील की त्या झाल्या काय, न झाल्या काय, तुमच्या घरी कोणाला कळणारही नाही. त्या काढून टाका.

आता वडिलांचा मुद्दा घेते, कारण तो पक्का आहे आणि त्यात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.

२०२४ च्या प्रचारात सोयाबीनला एका बाजूनं क्विंटलला ६,००० रुपये सांगितले, दुसऱ्या बाजूनं ७,०००. तुमच्या तक्त्यात हे 'हो' आणि 'हो' असंच आलं असणार, फार तर सातवाल्याला एक गुण जास्त. पण हमीभाव ठरवतं कोण? केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार. २०२४-२५ ला तो ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ ला ५,३२८. मुंबईत कोणाचंही सरकार आलं असतं तरी हा आकडा तिथं ठरला नसता. पुढे बाजारातला भाव. तो बऱ्याच अंशी तेल आणि पेंडीच्या भावावर चालतो, आणि आपण खाद्यतेल मोठ्या प्रमाणावर आयात करतो, म्हणून आयात शुल्काला महत्त्व येतं. केंद्रानं सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेलं. मे २०२५ अखेरीस ते १६.५ टक्क्यांवर आणलं. पहिल्या निर्णयाच्या वेळी महाराष्ट्राची विधानसभा निवडणूक दोन महिन्यांवर होती. दुसऱ्या वेळी शहरातल्या ग्राहकाला तेल महाग पडत होतं. हा प्रामाणिक पेच आहे, कारण तुमच्या वडिलांना शुल्क चढलेलं हवं आणि पुण्यात तेलाची पिशवी आणणाऱ्या तुम्हाला उतरलेलं. कुठलाही पक्ष दोघांना एकदम खूश करू शकत नाही. कोणत्या पक्षानं कधी कोणाच्या बाजूनं कौल दिला, हे बघणं म्हणजे धोरणांची तुलना.

मग विधानसभेला सोयाबीनवर मत द्यायचंच नाही का? द्या, पण राज्याच्या हातात जे आहे त्यावर. खरेदी केंद्रं किती आणि किती लवकर उघडतात, बारदाना (रिकामी पोती) वेळेवर येतो का, गोदामात जागा आहे का, चुकारे (विकलेल्या मालाचे पैसे) किती दिवसांत मिळतात. ओलाव्याची अट केंद्र सरकारची; १२ टक्क्यांची ती अट नोव्हेंबर २०२४ मध्ये १५ टक्क्यांपर्यंत सैल केली गेली. पण खरेदी केंद्रावर तुमची गाडी तीन दिवस उभी राहते की तीन तास, यात राज्याच्या यंत्रणेचा हात असतो. शिवाय राज्य स्वतःच्या तिजोरीतून मदत देऊ शकतं. २०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन आणि कापूस उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, २ हेक्टरच्या मर्यादेत, अशी मदत २०२४ मध्ये दिली गेली. म्हणजे '७,००० भाव देऊ' या वाक्यातलं राज्याला करता येण्यासारखं काय, तर बोनस किंवा फरकाची रक्कम. हे एकदा कळलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: किती क्विंटलला, आणि कुठून?

अधिकाराचा हा घोळ शहरातही होतो. मुंबईत २०१७ च्या महापालिका निवडणुकीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचं आश्वासन होतं. महापालिकेत ठराव झाला. पण कायदा राज्याचा. २०१९ मध्ये करातल्या फक्त सर्वसाधारण कराच्या भागाला सूट मिळाली, बाकीची बिलं येत राहिली, आणि पूर्ण माफी २०२२ मध्ये झाली. तोवर पाच वर्षं उलटली होती. आश्वासन खोटं होतं असं मी म्हणणार नाही. ज्या सभागृहासाठी मत मागितलं त्या सभागृहाच्या हातात ते पूर्णपणे नव्हतं, एवढंच. म्हणून तक्त्यात पहिला रकाना पक्षाचा नको. 'कोणाच्या हातात' असा हवा: केंद्र, राज्य, जिल्हा परिषद किंवा पालिका, की न्यायालय. न्यायालय कशाला, तर मराठा आरक्षणाचं उदाहरण घ्या. २०१८ चा कायदा मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, आणि २० फेब्रुवारी २०२४ चं १० टक्क्यांचं विधेयक विधिमंडळात एकमतानं मंजूर झालं. जिथं सगळे पक्ष एकाच बाजूला हात वर करतात, तिथं जाहीरनाम्यातल्या वाक्यांची तुलना करून हाती काही लागत नाही.

आता पैशाकडे येते. हा माझा विषय, त्यामुळे जरा पाल्हाळ लागेल.

महिलांच्या मासिक मदतीचं उदाहरण घेऊ, कारण ते दोन्हीकडे होतं. लाडकी बहीण योजना जून २०२४ च्या अर्थसंकल्पात आली, महिना १,५०० रुपये, आणि वर्षाचा खर्च सरकारनंच ४६,००० कोटी धरला. निवडणुकीत महायुती २,१०० म्हणाली, महाविकास आघाडी ३,०००. हिशेबाला पेन्सिल पुरते. लाभार्थी तेवढ्याच धरल्या तर २,१०० ला साधारण ६४,००० कोटी, ३,००० ला ९२,००० कोटी. निकष बदलले तर आकडे बदलतील, पण अंदाज तोच. आता समोर ठेवा राज्याचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक: एकूण खर्च सुमारे ७ लाख कोटी, महसुली जमा सुमारे ५ लाख ६१ हजार कोटी, महसुली तूट (रोजच्या खर्चाला जमा कमी पडते ती रक्कम) ४५,८९१ कोटी. आणि जमेतला निम्म्याहून अधिक भाग पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांत जातो, त्याला कोणीही आलं तरी हात लावता येत नाही. (माझं निवृत्तिवेतनही त्यातच आहे, तेव्हा मी तटस्थ आहे असं समजू नका.)

प्रत्यक्षात काय झालं? मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात योजनेला ३६,००० कोटी ठेवले गेले, महिना १,५०० च राहिला, छाननी वाढली. त्याच सुमारास सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या खात्यांचा काही निधी या योजनेकडे वळवला, तेव्हा सामाजिक न्याय मंत्र्यांनीच उघड नाराजी व्यक्त केली. त्या निधीतून त्याच समाजातल्या लाभार्थी महिलांना पैसे जातात, अशी बाजूही मांडली गेली. कोणतीही बाजू पटो, तुम्हाला हवा होता तो क्रम इथं दिसतो: कोणतं ताट आधी वाढलं आणि कोणत्या ताटातून उचललं. समोरची आघाडी सत्तेवर असती तर तिलाही कुठून तरी उचलावंच लागलं असतं. कुठून, हे प्रचारात तिनंही सांगितलं नव्हतं.

खरं तर ते सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१३ मध्ये, तामिळनाडूतल्या मोफत वस्तूंच्या प्रकरणात, निवडणूक आयोगाला जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितलं. त्यानंतर आचारसंहितेत जाहीरनाम्यांचं स्वतंत्र प्रकरण आलं. आश्वासनामागचा तर्क द्यावा आणि पैसा कसा उभा करणार हे ढोबळमानानं सांगावं, असं त्यात म्हटलं आहे. जाहीरनाम्याची शेवटची पानं उघडून बघा, असं काही आढळतं का ते. नेदरलँड्समध्ये सीपीबी नावाची सरकारी संस्था १९८६ पासून पक्षांच्या विनंतीवरून त्यांचे जाहीरनामे हिशेबाला घालते आणि मतदानाआधी ते आकडे लोकांसमोर ठेवते. आपल्याकडे ते काम तूर्त तुम्ही, मी आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर.

पैशाची सोय करून आणलेली योजना कशी दिसते, तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई सगळ्यालाच नाक मुरडतात. तुमच्या पगाराच्या स्लिपवर 'व्यवसाय कर' म्हणून महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ना? तो १९७५ चा कायदा. रोजगार हमीसाठी पैसा हवा म्हणून तो कर बसवला गेला. वि. स. पागे यांनी मांडलेली ही कल्पना १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव भागात आधी करून पाहिली गेली, १९७७ मध्ये हमीचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदाराकडून घेऊन दुष्काळी गावातल्या मजुराला द्यायचं, असं त्यात उघड लिहिलेलं होतं. कोण देणार आणि कोण घेणार हे ज्या आश्वासनात सांगितलेलं असतं, त्याला मी एक जादा खूण करते. पटलं नाही तरी करते.

पैशानंतर योजनेचं आयुष्य. योजना सुरू होणं सोपं असतं, तिसऱ्या वर्षी ती दिसते का ते बघायचं. शेतीपंपांना मोफत वीज २००४ च्या निवडणुकीआधी जाहीर झाली होती. त्याच आघाडीचं सरकार परत आलं आणि २००५ मध्ये ती बंद झाली. पुढे २० वर्षांनी, २०२४ मध्ये, दुसऱ्या आघाडीनं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आणली. एक रुपयात पीकविमा २०२३ च्या खरिपाला आला आणि बोगस अर्जांच्या तक्रारींनंतर २०२५ च्या खरिपाला गेला. आता पुन्हा खरिपाला २ टक्के हप्ता. वडिलांना विचारा, त्यांच्या लक्षात असेल.

कर्जमाफीचं तर असं आहे की दोन्ही बाजूंनी ती दिली आहे. २०१७ मध्ये दीड लाखापर्यंत, घोषणा ३४,०२२ कोटींची, प्रत्यक्ष खर्च त्याहून बराच कमी. डिसेंबर २०१९ मध्ये दुसऱ्या सरकारनं २ लाखांपर्यंत. प्रचारात भाषा 'सातबारा कोरा'ची, शासन निर्णयात मात्र मर्यादा आणि तारीख. नियमित फेडणाऱ्यांना ५०,००० रुपये प्रोत्साहन देण्याची घोषणा २०२० च्या अर्थसंकल्पात एका सरकारनं केली, खात्यावर पैसे ऑक्टोबर २०२२ पासून दुसऱ्या सरकारच्या काळात पडले. श्रेय कोणाला? आमच्या वाचनालयात यावर दोन गट पडले आणि अजून पडलेलेच आहेत. २०२४ ला पुन्हा दोघांनीही कर्जमाफी सांगितली. मार्च २०२५ मध्ये अर्थमंत्र्यांनी ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरा असं जाहीर सभेत सांगितलं, आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरच्या आंदोलनानंतर सरकारनं निर्णयासाठी ३० जून २०२६ ही तारीख दिली. तुमच्या तक्त्यात मात्र दोघांनाही 'हो'.

हे तपासायला मंत्रालयात ओळख लागत नाही. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात एकाच ओळीत मागच्या वर्षांचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असतो. भाषणात बोलतात ते पुढच्या वर्षाच्या अंदाजावर. मी नोकरीत पहिल्यापासून बोट ठेवते ते प्रत्यक्ष खर्चावर. १०० ठेवले, सुधारितमध्ये ७० झाले आणि खर्च ४० पडला, की त्या योजनेवर सरकारचा जीव किती आहे ते समजतं. पुस्तक जड वाटलं तर शासन निर्णय वाचा, ते राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मराठीतच असतात. त्यात 'पात्रता' आणि 'अपात्रता' हे दोन परिच्छेद पुरेत.

तुमचा स्वतःचा मुद्दा, नोकऱ्या. इथं क्रियापदं बघा. '२५ लाख रोजगार निर्माण करू', '१० लाख विद्यार्थ्यांना महिना १०,००० विद्यावेतन', 'बेरोजगारांना ४,००० भत्ता', 'रिक्त सरकारी पदं भरू'. पहिलं मोजता येत नाही, कारण खासगी कारखान्यात लागलेली नोकरी कोणाच्या खात्यात धरायची? दुसरं आणि तिसरं मोजता येतं, पण त्यात नोकरी नाही, वाट बघण्याचा खर्च आहे. चौथं तुम्हाला हवं ते आहे, आणि सगळ्यात महागही तेच, कारण एक पद म्हणजे ३० वर्षांचा पगार आणि पुढचं निवृत्तिवेतन. म्हणून सरकार कोणाचंही असो, वित्त विभाग पदभरतीच्या फाइलवर पहिला आक्षेप काढतो. मीही काढलेत. तेव्हा पक्षाला विचारायचं ते हे की मागच्या वेळी सत्तेत असताना किती जाहिराती निघाल्या, किती परीक्षा वेळेत झाल्या आणि निवड झालेल्यांना नियुक्तिपत्रं किती महिन्यांनी मिळाली. जिथं 'प्रयत्न करू', 'धोरण आखू', 'समिती नेमू' असं असेल तिथं 'अजून ठरलेलं नाही' असं वाचा.

आतापर्यंत सगळं पैशाचं झालं. पण काही धोरणांना पैसा लागत नाही, आणि ती अंदाजपत्रकात दिसतच नाहीत. अटकेचे अधिकार, आंदोलनांवरचे निर्बंध, भाषा, शाळेतला अभ्यासक्रम. त्यासाठी सभागृहात काय झालं ते बघावं लागतं. विशेष जनसुरक्षा विधेयक (सरकारला संघटना बेकायदा ठरवण्याचे अधिकार देणारं) विधानसभेत १० जुलै २०२५ ला आवाजी मतदानानं मंजूर झालं. मार्क्सवादी पक्षाच्या एकमेव आमदारानं विरोध केला. बाकी विरोधी पक्षांचा आवाज चढला तो नंतर, विधान परिषदेत सभात्याग करून आणि बाहेर पत्रकार परिषदांत. विधेयक चांगलं की वाईट यावर तुमचं मत काहीही असो, सभागृहात हात वर करण्याची वेळ आली तेव्हा कोण कुठं होतं, हे भाषणापेक्षा जास्त सांगतं. पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा. तेव्हापासून व्हिप (कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश) निघाला की आमदार पक्षाच्या विरुद्ध मत देऊ शकत नाही, दिलं तर पद जाऊ शकतं. म्हणून राज्यव्यापी कायद्यांचा मुद्दा तुमच्यासाठी पहिला असेल तर उमेदवार किती सज्जन याला मी कमी वजन देईन. तुमचा पहिला मुद्दा गावचा रस्ता किंवा उपसा सिंचन असेल तर उलट. आमदार कामाचा पाठपुरावा करणारा आहे का, सभागृहात मंत्र्यांकडून उत्तर मागणारे लक्षवेधी आणि तारांकित प्रश्न लावतो का, जिल्हा नियोजन समितीत भांडतो का, याला मी पक्षाइतकंच वजन देईन.

आता तुम्ही विचारायच्या आत मीच कबूल करते. २०१९ ला महाराष्ट्रात ज्यांनी जाहीरनामे वाचून मत दिलं, त्यांच्या वाट्याला काय आलं? निकालानंतर आघाडी बदलली, २०२२ मध्ये एक पक्ष फुटला, २०२३ मध्ये दुसरा. अडीच वर्षं एक किमान समान कार्यक्रम, पुढे दुसराच कारभार. आमच्या गटातले एक निवृत्त मुख्याध्यापक त्यानंतर यायचेच बंद झाले. म्हणाले, पोरांना न शिकवलेल्या धड्यावर परीक्षा घेतली असती तर मला निलंबित केलं असतं. त्यांना मी काय सांगणार? एक गोष्ट मात्र मी तेव्हापासून करते. पक्षाच्या जाहीरनाम्यासोबत, तो पक्ष ज्यांच्याबरोबर जाऊ शकतो त्यांचाही त्या तीन मुद्द्यांवरचा भाग वाचते. जो मुद्दा दोघातिघांच्या जाहीरनाम्यात आकड्यासकट आहे तो फाटाफुटीतूनही टिकण्याची शक्यता जास्त. जो एकट्याचाच आहे तो सत्तावाटपाच्या पहिल्या बैठकीत सुटतो.

म्हणजे तुमचा नवा तक्ता असा झाला: तीन ओळी, आणि रकान्यांत अधिकार कोणाचा, पैसा कोणाकडून, मागच्या वेळी काय केलं, आणि जोडीदार पक्ष काय म्हणतो. कुठलाही रकाना रिकामा राहिला तर रिकामाच ठेवा, अंदाजानं भरू नका. वडिलांच्या तीन ओळी वेगळ्या कागदावर. दोघांची उत्तरं वेगळी आली तर येऊ द्या. एका घरात दोन मतं असतात म्हणून तर यादीत दोन नावं असतात. आणि तक्ता करूनही तुम्ही शेवटी 'हा माणूस आपला आहे' म्हणून मत दिलंत, तरी मी नावं ठेवणार नाही. ज्यांच्या वस्तीत पोलीस कोणाच्या फोनवर येतात यावर रात्रीची झोप ठरते, त्यांच्यासाठी 'आपला माणूस' हेच मोठं धोरण असतं. फक्त ते ठरवून केलेलं असावं, रात्री दोन वाजता कंटाळून नव्हे.

शेवटी, तुम्ही विचारलं नाहीत ते. तुम्ही पुण्यात कायम राहत असाल तर नाव कुठं असावं? कायदा 'सामान्यतः रहिवासी' कुठं आहात ते बघतो, घर किंवा शेत कुठं आहे ते नाही, आणि एकाच वेळी दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही. बदलायचं तर ८ नंबरचा अर्ज, ऑनलाइन किंवा बीएलओकडे (मतदारयादीचं काम बघणारा स्थानिक कर्मचारी), पुण्याच्या पत्त्याच्या पुराव्यासह. तो भरलात की सोयाबीनची ओळ वडिलांच्या कागदावर राहील, आणि तुमच्या कागदावर पीएमपीची बस, पाण्याचे टँकर आणि भाडेकराराची नोंदणी येईल. न भरता गावीच मत द्यायचं असं भावनेनं ठरवत असाल तर आधी बीएलओशी बोलून घ्या. यादीची पडताळणी झाली की गावी न सापडणाऱ्यांची नावं वगळली जाऊ शकतात, आणि तसं झालं तर तुमच्या तीन ओळी तयार असतील पण यादीत नाव नसेल.